तीन सेकंदाला एक थेंब

पीएचडी मिळाल्याची अधिसूचना हातात पडून दोन महिने झाले. तेव्हापासून ओळखीच्या चार-पाच जणांनी फोनवर तोच प्रश्न विचारला, "मॅडम, नेमकं काय काय लागतं हो?" दर वेळी अर्धवट सांगितलं जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. माझा विषय रसायनशास्त्राचा. ज्यांना रसायन नको त्यांनी तेवढे परिच्छेद ओलांडून कागदपत्रांकडे जावं, राग नाही. मला मात्र दोन्ही वेगळं करून सांगता येत नाही, कारण साडेपाच वर्षं दोन्हीकडे एकच काम केलं. थांबायचं, आणि थांबताना वहीत लिहायचं.

मी लातूर जिल्ह्यातली. तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण ते असो. प्रबंधाचा विषय मराठीत सांगायचा तर 'अ‍ॅल्युमिनियमच्या रेणवीय समूहांचं जलापघटन आणि प्रकाशीय गुणधर्म'. जलापघटन हा पुस्तकी शब्द, लॅबमध्ये आम्ही सगळे हायड्रॉलिसिसच म्हणतो.

घरी विषय समजावताना मला फार त्रास पडला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी एमएस्सीला होते. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात टँकर यायचा. चहासारखं पाणी टाकीत पडलं की माय तुरटीचा खडा धरून हात गोल फिरवायची. "लई फिरवू नको, तोंड आवळतंय मग," असं म्हणत स्वतःच मोजून फिरवायची. काळ्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात गेलं की पाण्याच्या रेणूंमधून प्रोटॉन सोडतं, ओएचचे (हायड्रॉक्साइडचे) पूल बांधत एकमेकांना जोडलं जातं, धन भाराचे गठ्ठे तयार होतात आणि माती खाली बसते. हे गठ्ठे नेमके कसे, किती अणूंचे, कशाने फुटतात, हा माझा अभ्यास. अण्णा म्हणाले, "म्हंजे तुझी माय करत होती तेच करलालीस की." बरोबर होतं.

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दिली डिसेंबर २०१८ मध्ये. पेट निघते, अभ्यास केला की निघते. खरी अडचण गाइडची. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. यादीत जागा रिकामी दिसते, फोन केला की ती 'तोंडी भरलेली' असते. मी सात जणांना भेटले. सातव्या सरांनी विचारलं, "पाणी तरी नीट डिस्टिल करता येतं का?" मी हो म्हटलं. ते खोटं निघालं, पण ते पुढे. इथे एवढंच सांगते, की पेटच्या निकालाची वाट न बघता आधीच गाइड शोधायला लागा, आणि भेटायला जाताना एमएस्सीचा प्रोजेक्ट सोबत न्या. कोऱ्या हाताने गेलं की दोन मिनिटांत चहा येतो आणि तिसऱ्या मिनिटाला आपण बाहेर असतो.

जुलै २०१९ मध्ये आरआरसी, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे सादरीकरण झालं. माझा पहिला आराखडा तोंडभर होता. काही संशोधकांनी अ‍ॅल्युमिनियमच्या रेणवीय कड्या बनवल्या आहेत, बांगडीसारख्या गोल. ते वाचून मी हरखले होते आणि तीव्र लेसर प्रकाशात असे रेणू कसे वागतात तेही मोजणार असं लिहून टाकलं होतं. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "झेड-स्कॅन कुठं करणार? लेसर कुणाचा?" झेड-स्कॅन म्हणजे हीच लेसरची मोजणी. मी गप्प. ते पुढे म्हणाले, "बाई, जे मोजायला तुमच्या हातात यंत्र आहे तेवढंच लिहा." तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आज वाटतं, त्या एका प्रश्नाने माझी दोन वर्षं वाचवली. लेसरचा भाग काढला. उरलं ते असं: पाण्यात समूह कसे बनतात आणि मोडतात हे पाहायचं, आणि त्यांना प्रकाश देणारा रेणू जोडला तर तो उजेड पाण्याने कसा बदलतो हे पाहायचं.

नोंदणीचं पत्र सप्टेंबर २०१९ चं. तेव्हा एक चूक केली ती सांगते. दहावीच्या सनदेवर माझं नाव एका स्पेलिंगने आहे आणि आधारवर वेगळ्या. अर्ज मी आधारप्रमाणे भरला. सहा महिन्यांनी एका खिडकीवर फाईल त्यावरून परत आली आणि प्रतिज्ञापत्र, अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा सही अशा चार चकरा झाल्या. एक चकर म्हणजे पहाटेची एसटी, दुपारी दोनला साहेब जेवायला, संध्याकाळी परत. तुम्ही पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत दहावीच्या सनदेवरचंच नाव लावा, चुकीचं वाटलं तरी. आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक-शिक्का असलेली प्रत जवळ ठेवा. माझी सहामाही प्रगती अहवालाची एक फाईल पुढे हरवली तेव्हा त्या जांभळ्या शिक्क्यानेच वाचवलं.

कोर्सवर्क जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये झालं. त्यात ५५ टक्के लागतात, ते जमलं. लॅबची चावी मिळाली १६ मार्चला. पुढच्या आठवड्यात लॉकडाऊन.

त्या काळात मी फक्त वाचलं, आणि वाचताना ज्या रेणूच्या प्रेमात पडले त्याचं नाव एएल-१३. मधोमध एक अ‍ॅल्युमिनियम चार ऑक्सिजनच्या चौकडीत बसलेला आणि त्याभोवती बारा अ‍ॅल्युमिनियम, प्रत्येक सहा ऑक्सिजनच्या घरात. एकूण भार अधिक सात. याची रचना स्वीडनच्या योहानसन यांनी १९६० मध्ये स्फटिकांवरून उलगडली. त्याहून मोठा, तीस अ‍ॅल्युमिनियमचा भाऊ २००० साली सापडला, तो एएल-३०. लॉकडाऊनमध्ये मी ज्वारीचं पीठ मळून गोळे केले होते आणि काड्या टोचून एएल-१३ चं मॉडेल बनवलं होतं. तेरावा गोळा आत बसवायचा राहिला की सगळं उघडावं लागायचं. मायने दोन दिवस सहन केलं, मग त्याच्या भाकऱ्या केल्या.

प्रत्यक्ष प्रयोग जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. कृती कागदावर सोपी आहे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं पाव मोलर द्रावण २५ मिली, ८० अंशांना तापवायचं. त्यात तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा ६० मिली हळूहळू घालायचा. म्हणजे एका अ‍ॅल्युमिनियममागे २.४ ओएच होतात. मग सोडियम सल्फेट घालून ठेवून द्यायचं, की बारीक स्फटिक बसतात. यात सगळा जीव 'हळूहळू' या शब्दात आहे, आणि माझ्याकडे पंप नव्हता. ब्युरेटमधून घातलं. थेंब पडतो तिथे क्षणभर सोड्याचा जोर फार होतो, पांढरी साय येते, ढवळल्यावर विरते. घाई केली की ती विरतच नाही. पहिल्या नऊ वेळा माझ्या बीकरमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा गिचका झाला, पातळ साबुदाण्याच्या खिचडीसारखा.

दुसऱ्या लाटेत लॅब पुन्हा बंद झाली. जुलैमध्ये उघडली तेव्हा उपाय मिळाला, तोही दवाखान्यात. अण्णांना सलाईन लावलं होतं. मी खाटेशेजारी बसून थेंब मोजत होते, दुसरं करणार काय. मग मेडिकलमधून लहान मुलांचा मायक्रो-ड्रिप सेट आणला. त्यात ६० थेंबांचा एक मिली होतो आणि वेग कमी-जास्त करायला चाक असतं. हिशेब असा: ६० मिली म्हणजे ३,६०० थेंब. तीन सेकंदाला एक थेंब सोडला तर बरोबर तीन तास. सेटची किंमत शंभरच्या आत. सुई काढून टाका, नळीतली हवा आधी घालवा, आणि सोडा संपला की लगेच पाण्याने धुवा. सोड्याची बाटली उघडी ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात जिरतो आणि मग ओएचचा हिशेब चुकतो.

तीन तास सलग लाईट मात्र कुठून आणणार? ढवळणारं मशीन आणि शेगडी दोन्ही विजेवर. लॅबच्या मामांनी यावर स्वतःची पद्धत काढली होती. लाईट गेली की ते स्पिरिटचा दिवा पेटवायचे, थर्मामीटरवर एक डोळा ठेवायचे आणि काचेच्या काडीने ढवळायला लागायचे. "मॅडम, तुम्ही थेंब बघा, मी हलवतो. लग्नात बासुंदी हलवलीय मी चार-चार तास." ऑगस्टच्या त्या शनिवारी लाईट दोनदा गेली, बेचाळीस मिनिटं मामांनी हलवलं. मंगळवारी बीकरच्या तळाला साखरेच्या बारीक कण्यांसारखं काही चमकलं. भिंगाखाली पाहिलं तर चार बाजूंचे, टोकदार. मामांना दाखवलं. त्यांनी नीट पाहून विचारलं, "एवढंच?"

एवढंच. पण ते एएल-१३ च आहे हे सिद्ध करायला अ‍ॅल्युमिनियम-२७ चा एनएमआर, म्हणजे चुंबकात ठेवून अणू ओळखणारी मोजणी, लागते, आणि ते यंत्र आमच्या पंचक्रोशीत नाही. पुण्याच्या एका सुविधा केंद्रात नमुने पाठवायचे ठरले. ऑनलाइन नोंदणी, गाइडच्या सहीचं पत्र, आगाऊ पैसे, मग आठ आठवड्यांची रांग. एका नमुन्याला जीएसटीसकट नऊशे रुपये. नमुने घेऊन स्वतः जायचं ठरवलं आणि नेमका एसटीचा संप सुरू झाला. काळी-पिवळीने लातूर, पुढे ट्रॅव्हल्स, मांडीवर थर्माकोलचा डबा. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लस हाय का?"

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. एनएमआरच्या मोजपट्टीवर (एकक पीपीएम) साधं, एकेकटं अ‍ॅल्युमिनियम शून्यावर दिसतं. एएल-१३ च्या पोटातला तो एक अ‍ॅल्युमिनियम ६३ पीपीएमच्या आसपास सुईसारखा अणकुचीदार उभा राहतो. बाहेरचे बारा जण इतके पसरट होतात की जवळजवळ दिसतच नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या आलेखात ६३ ची सुई होती. आणि तिच्या पायथ्याशी, ७० च्या आजूबाजूला, एक रुंद उंचवटा. ७० च्या आसपास एएल-३० चा संकेत येतो हे मला पाठ होतं. मी सरांना रात्री साडेदहाला फोन केला. सर, एएल-३० पण झालंय! सर म्हणाले, "ब्लँक घेतलास का?"

नव्हता घेतला. ब्लँक म्हणजे नमुन्याशिवाय, नुसतं पाणी भरलेली नळी. पुन्हा नोंदणी, पुन्हा नऊशे, पुन्हा रांग. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्लँकचा आलेख आला आणि त्यातही तोच उंचवटा, तसाच आरामात पसरलेला. नळीच्या आणि यंत्राच्या प्रोबच्या काचेत, सिरॅमिकमध्ये स्वतःचं अ‍ॅल्युमिनियम असतं, ते तिथे दिसतं. माझं एएल-३० म्हणजे काचेची नळी होती. तीन महिने मी मनातल्या मनात त्या उंचवट्यावर पेपर लिहीत होते. तेव्हापासून कुठल्याही मोजणीत मी नमुन्याआधी ब्लँकचे पैसे भरते, आणि तुम्हीही भरा.

एनएमआर वारंवार परवडत नाही, म्हणून रोजच्या मोजणीसाठी फेरॉन वापरलं. हा अभिकर्मक अ‍ॅल्युमिनियमशी जोडला गेला की ३७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर पुरतो. गंमत वेगात आहे. एकेकटं अ‍ॅल्युमिनियम मिनिटाच्या आत फेरॉनला भेटतं. एएल-१३ सारखे समूह हळूहळू उलगडत तास-दोन तास घेतात. जे गिचक्यासारखं जाड झालंय ते येतच नाही. म्हणजे घड्याळ लावून बसलं की द्रावणात कोण किती आहे ते कळतं. लहान कॉलेजात काम करणाऱ्यांनी ही पद्धत जरूर बघावी. फक्त फेरॉन मुळात लोखंडासाठीचं आहे, पाण्यात किंवा रसायनात लोह असेल तर ते आधी येऊन बसतं. आमच्या डिस्टिलेशनच्या भांड्याचं कॉइल गंजलेलं होतं. सरांना मी दिलेला 'हो' इथे उघडा पडला. दीड महिन्याच्या नोंदी रद्द झाल्या. पुढे काचेचं भांडं घेतलं, स्वतःच्या पैशाने.

मग उन्हाळा आला. एप्रिल-मे २०२२ मध्ये मी घेतलेल्या नोंदी आणि डिसेंबरमध्ये घेतलेल्या नोंदी जुळेनात. तोच साठा, तेच प्रमाण, तोच हात. एप्रिलमध्ये एकेकटं अ‍ॅल्युमिनियम जास्त आणि एएल-१३ कमी दिसत होतं. मी स्वतःलाच दोष देत दोन आठवडे काढले, सरांना सांगायची हिंमत होईना. शेवटी वही उघडली. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात मी तारखेसोबत लॅबचं तापमान लिहीत होते, का कोण जाणे, मामांनी भिंतीवर थर्मामीटर टांगला होता म्हणून असेल. एप्रिल: ४१. डिसेंबर: १९. पेपरात 'कक्ष तापमान' असं लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात २५ असतं. आमचा कक्ष वर्षात बावीस अंश फिरतो. गरमीत एएल-१३ फेरॉनसमोर लवकर उलगडतं, त्यातला काही भाग पहिल्याच मिनिटात मोजला जातो आणि एकेकट्याच्या खात्यात पडतो. चूक द्रावणात नव्हती, 'पहिलं मिनिट' ही रेघच गरमीत सरकली होती. पुढे पाण्याच्या टबमध्ये, बर्फ आणि गरम पाणी घालत, २५ ला धरून सगळं पुन्हा मोजलं. जुन्या नोंदी मी फेकल्या नाहीत, त्यांचं एक वेगळं प्रकरण झालं. पण वहीच्या कोपऱ्यातला तो आकडा नसता तर हे कळायला आणखी एक उन्हाळा गेला असता.

प्रकाशाचा भाग तुलनेने सुखाचा गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या आयनाला स्वतःचा रंग नाही, त्याच्याकडे रंग देणारे डी इलेक्ट्रॉनच नाहीत. उजेड येतो तो त्याला जोडलेल्या सेंद्रिय रेणूतून. आठ-हायड्रॉक्सीक्विनोलीन हा रेणू पाण्यात एकटा असताना जवळजवळ विझलेला असतो, अ‍ॅल्युमिनियमने धरलं की हिरवा पेटतो. अशा तीन रेणूंनी एक अ‍ॅल्युमिनियम धरलं की एएलक्यू-३ होतं. टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दोन पातळ थरांचा जो ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय रेणूंचा विजेवर चमकणारा दिवा, दाखवला, त्यात चमकणारा थर याचाच होता. मी तुलनेसाठी हे घेतलं आणि त्याशेजारी माझे छोटे समूह.

मुख्य मोजण्या विद्यापीठाच्या यंत्रावर, महिन्यातून एक पाळी मिळायची. रोजची नजर ठेवायला बाजारातून नोटा तपासायचा यूव्ही दिवा आणला, साडेतीनशे रुपये. कापडाच्या दुकानात गल्ल्यावर असतो तोच. स्लाइडवर पातळ थर देऊन ती बंद डब्यात ठेवायची, डब्यात वाटीभर मिठाचं संपृक्त द्रावण. मीठ पुरतं विरघळलेलं आणि तळाशी थोडं उरलेलं असलं की डब्यातली हवा जवळपास ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, बाहेर मे महिना असो की आषाढ. दुसऱ्या डब्यात सिलिका जेल, कोरडा. रोज सकाळी दिवा दहाच सेकंद लावायचा आणि फोटो घ्यायचा. दिवा जास्त वेळ ठेवू नका, उजेडानेही नमुना झिजतो. आणि मोबाइलचं एक्स्पोजर हाताने पक्कं करा, नाहीतर कॅमेरा अंधार बघून आपोआप फोटो उजळवतो आणि विझत चाललेली स्लाइड तुम्हाला ताजीतवानी दिसते. मी पहिले अठरा दिवस असे फसले.

दमट डब्यातली माझ्या समूहांची हिरवळ तीन आठवड्यांत ओसरली, कोरड्या डब्यातली टिकली. पाणी आत शिरतं, अ‍ॅल्युमिनियमला स्वतः चिकटतं आणि आठ-हायड्रॉक्सीक्विनोलीनला सोडवून बाहेर काढतं. सुटलेला रेणू पुढे तपकिरी होतो. तुरटीच्या खड्यात जे हवंसं असतं तेच इथे नको असतं. मामांना दोन्ही स्लाइड दाखवल्या. ते म्हणाले, "ही ओली झाली म्हणून विझली, व्हय?" माझ्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष याहून फार वेगळा नाही.

पेपर दोनदा परत आला. एका परीक्षकाने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. मी सगळ्यांचं बघून माझ्या नमुन्यांनाही टॉक प्लॉट नावाचा आलेख काढून बँड गॅप, म्हणजे घन पदार्थातल्या ऊर्जेच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, चिकटवला होता. सुट्या रेणूंच्या द्रावणाला पट्टे कुठले? आपल्याकडे ही हौस फार आहे. आलेख काढला की सरळ रेघ सापडतेच आणि आकडा येतोच. तो भाग काढून टाकला, पेपर ऑगस्ट २०२३ मध्ये छापून आला. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचे मेल तुम्हालाही येतील. उघडू नका.

सादरीकरण मार्च २०२४, प्रबंध जमा २८ जून २०२४. या चार महिन्यांत झोप कमी आणि झेरॉक्स जास्त. समानता तपासणीत, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना हे पाहतात त्यात, माझे १९ टक्के आले आणि पोटात गोळा आला. २०१८ च्या यूजीसी नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं. ग्रंथपाल बाई शांत होत्या. संदर्भसूची, अनुक्रमणिका, मान्य समीकरणं वगळायची असतात, सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरायचं नसतं, ते यंत्राला सांगावं लागतं. वगळल्यावर ८ आले. उरलेल्यात माझ्याच पेपरची वाक्यं होती. आधी छापलेला स्वतःचा मजकूर प्रबंधात घेताना कुठून घेतला ते लिहा. तपासणीसाठी शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, जूनमध्ये तिथे जत्रा असते. बाइंडिंगवाल्याकडे पाठकण्यावरची अक्षरं सोनेरी करायची की चंदेरी हे आधी नियमावलीत बघा. माझ्या पाच प्रतींपैकी दोन परत कराव्या लागल्या.

खर्च विचारतातच, म्हणून माझ्या डायरीतला जमाखर्च देते. फी आणि वेगवेगळी शुल्कं मिळून साधारण ६२ हजार. रसायनं, काच, ते डिस्टिलेशनचं भांडं मिळून ४८ हजार. बाहेरच्या मोजण्या ३१ हजार. टायपिंग, छपाई, बाइंडिंग १४ हजार. प्रवासाचा हिशेब मी नीट ठेवला नाही, पण तीसच्या खाली नसेल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा माझ्या चकरा जवळजवळ संपत आल्या होत्या, तरी जाणवलं. फेलोशिप मला मिळाली नाही, वयात आणि तारखेत दोनदा हुकली. तुम्ही बार्टी, सारथी, महाज्योती जे लागू असेल त्याच्या जाहिरातीवर नोंदणीच्या दिवसापासून नजर ठेवा, नोंदणीपत्राची तारीख तिथे फार महत्त्वाची असते. आणि मुलींनो, सहा वर्षांच्या मर्यादेवर आपल्याला दोन वर्षांची सवलत असते, ती आहे हे कुणी आपणहून सांगत नाही.

प्रबंध दिल्यावर काहीच घडत नाही. हा काळ सगळ्यात वाईट. जुलै, ऑगस्ट, गणपती, दिवाळी. परीक्षकांचे अहवाल आले का हे विचारायला मी दर पंधरा दिवसांनी फोन करायचे आणि दर वेळी "एकाचा आलाय" हेच ऐकायचे. नोव्हेंबरमध्ये कळलं, की दुसऱ्या परीक्षकांना प्रबंध पाठवलेलाच नव्हता, कपाटात होता. कुणावर ओरडले नाही, लेखी अर्ज दिला, शिक्का घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ११ मार्चला. आदल्या रात्री सगळे आलेख पुन्हा पाहिले, सकाळी काहीच आठवेना. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, मृदू बोलणारे. एनएमआरवर विचारलं, ब्लँक दाखवला. मग त्यांनी तो तापमानाचा तक्ता उघडला, एप्रिल आणि डिसेंबर शेजारी शेजारी. "या दोन्हींपैकी बरोबर कुठलं?"

मी म्हटलं, "दोन्ही सर. वर तापमान लिहिलंय."

त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. "एक्केचाळीस? लॅबमध्ये?"

मागच्या रांगेतून सरांचा आवाज आला, "पंखा होता." सगळे हसले. पुढचे प्रश्न सोपे होते, निदान मला तसे वाटले.

अधिसूचना पाच आठवड्यांनी मिळाली. त्यात नाव बरोबर होतं, दहावीच्या सनदेप्रमाणे. विषयाच्या ओळीत 'क्लस्टर' मधलं एक अक्षर गळून 'क्लटर' झालं होतं, म्हणजे इंग्रजीत पसारा. दुरुस्तीचा अर्ज तिथल्या तिथे दिला, नऊ दिवसांत नवीन मिळाली. अधिसूचना हातात घेतल्या घेतल्या, खिडकी सोडण्याआधी, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

लॅब आवरायला गेले तेव्हा मामांनी स्टँडवरचा ड्रिप सेट मागितला. सुट्टीत ते गावी जातात, अंगणातल्या मिरचीच्या कुंड्यांना पाणी कोण देणार.

"नीट धुतलाय ना मॅडम?"

तीनदा धुवून दिला. चाक तीन सेकंदाला एका थेंबावर होतं, तसंच राहू दिलं.